दुकान बंद, फोन चालू

२६ ऑगस्ट २०२५ पासून ऑस्ट्रेलियातील छोट्या दुकानदारांना एक कायदा लागू झाला आहे. दुकानातील माणसाची सुटी झाली, तो घरी गेला, की त्यानंतर आलेला मालकाचा फोन, मेसेज किंवा ई-मेल पाहण्यास व त्याला उत्तर देण्यास तो नकार देऊ शकतो. मोठ्या कंपन्यांना हाच कायदा एक वर्ष आधी, २६ ऑगस्ट २०२४ रोजी लागू झाला होता. छोट्यांना तयारीसाठी वर्षभराची सवलत दिली होती. छोटा कोण, तर ज्याच्याकडे पंधरापेक्षा कमी माणसे कामाला आहेत तो.

आमच्या पेढीवर सहा माणसे आहेत. आम्ही तिकडे असतो तर हा कायदा आमच्याही गळ्यात पडला असता. ही बातमी आम्ही दुकानात मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मुनीमजी हसले, आणि गाठी बांधणारी दोन पोरे एकमेकांकडे पाहू लागली. त्या पाहण्याचा अर्थ आम्हाला कळला. का कळला ते पुढे येईलच.

व्यापारी बांधव म्हणतील, ते गोऱ्यांचे देश, तिथे संध्याकाळी पाचला शटर पडते, आपल्या बाजारात असले चोचले चालायचे नाहीत. आम्हीही प्रथम हेच म्हणालो. पण कायदा समजून घेतला तेव्हा ध्यानात आले की बाजारात त्याच्याबद्दल जे बोलले जाते ते बहुतेक ऐकीव आहे.

कायद्यात आहे तरी काय?

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने मालकाला फोन करण्याची बंदी केलेली नाही. खुशाल फोन करा, मेसेज टाका, तो गुन्हा नाही. समोरच्याने उचलला नाही तर त्यासाठी त्याला शिक्षा करता येणार नाही, एवढेच. आणि नोकरालाही मोकळे रान दिलेले नाही. त्याचा नकार गैरवाजवी असता कामा नये. तो वाजवी की गैरवाजवी हे ठरवताना पाहतात की फोन कशासाठी होता, कोणत्या पद्धतीने केला आणि त्यामुळे त्या माणसाला किती त्रास झाला. त्या वेळात हजर राहण्याबद्दल किंवा जादा कामाबद्दल त्याला काही मोबदला मिळतो का. दुकानात त्याची जबाबदारी केवढी. आणि त्याच्या घरची परिस्थिती काय, लहान मुले आहेत का, कोणाची देखभाल करावी लागते का. तेव्हा ज्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या आहेत त्या मॅनेजरला जो न्याय, तोच झाडलोट करणाऱ्या पोराला लागू होत नाही. आम्हाला हे अकलेचे वाटले.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. फोन मालकाचाच असला पाहिजे असे नाही. कामाच्या संबंधात गिऱ्हाइकाचा किंवा माल पुरवणाऱ्याचा फोन आला, तरी नोकराला तोच हक्क आहे. तंटा झाला तर आधी दुकानातल्या दुकानात बोलून मिटवायचा. नाही मिटला तर तेथील फेअर वर्क कमिशनकडे जायचे. हे कमिशन मालकाला सांगू शकते की याला त्रास देणे थांबव, आणि नोकरालाही सांगू शकते की तुझा नकार गैरवाजवी आहे, फोन उचल. नुकसानभरपाई द्यायला लावण्याचा अधिकार त्याला नाही. मात्र त्याचा हुकूम मोडला तर दंड आहे. २०२४ साली कायदा आला तेव्हा कंपनीसाठी ही रक्कम जास्तीत जास्त सुमारे ९४ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होती.

पोर्तुगालने दुसरी वाट धरली. तेथे १ जानेवारी २०२२ पासून बंधन थेट मालकावर आहे. नोकराच्या विश्रांतीच्या वेळात त्याला संपर्कच करायचा नाही. अगदी अपरिहार्य आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. या दोन कायद्यांतला फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. एका ठिकाणी नोकराला दार लावून घेण्याचा हक्क दिला आहे, दुसऱ्या ठिकाणी मालकाला दार ठोठावण्यापासूनच अडवले आहे. ज्या गरीब पोराला सेठच्या फोनकडे पाठ फिरवण्याची हिंमतच होणार नाही, त्याच्या कामाचा कायदा कोणता, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या सगळ्याची सुरुवात फ्रान्समधून झाली असे म्हणता येईल. तेथे २००४ साली वरिष्ठ न्यायालयासमोर एका रुग्णवाहिका चालकाचे प्रकरण आले होते. कामाच्या वेळेबाहेर त्याच्या खासगी मोबाइलवर तो सापडला नाही म्हणून त्याला कामावरून काढले होते. न्यायालयाने सांगितले की यात त्याचा काही कसूर नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाबद्दल असा निकाल लागतो, तर कापड दुकानातल्या पोराची काय कथा! पुढे ८ ऑगस्ट २०१६ च्या कायद्याने पन्नास व त्याहून जास्त माणसे असलेल्या संस्थांना या विषयावर कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे भाग पडले. बोलणी फिसकटली तर मालकाने स्वतः नियमावली तयार करायची. अंमल १ जानेवारी २०१७ पासून. बेल्जियमनेही २०२३ पासून वीस व त्याहून जास्त माणसांच्या खासगी संस्थांना असेच बंधन घातले. जर्मनीत फोक्सवॅगन या मोटार कंपनीने तर २०११ सालीच कामगार प्रतिनिधींशी करार करून, पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या फोनवर ई-मेल जाणेच बंद केले होते. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होत. मोटारी विकायच्या राहिल्या असे काही झाले नाही.

आपल्याकडे काय आहे?

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. कामाच्या वेळेनंतर आणि सुटीच्या दिवशी फोन व ई-मेलला उत्तर न देण्याचा हक्क, आणि नियम मोडणाऱ्या संस्थेला तिच्या कर्मचाऱ्यांच्या एकूण मोबदल्याच्या १ टक्का दंड, असा त्याचा रोख आहे. पण खासगी विधेयकाचा आपल्याकडचा इतिहास माहीत असलेला बरा. संसदेत असे विधेयक मंजूर होऊन त्याचा कायदा झाला तो शेवटचा प्रसंग १९७० सालचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत कामाचे तास आहेत, ओव्हरटाइमचा दुप्पट दर आहे, परंतु घरी गेल्यावर येणाऱ्या फोनबद्दल कलम नाही.

राहिला आपला गुमास्ता कायदा. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी असे सारे लिहिलेले होते. पण तो दहा किंवा अधिक माणसांच्या दुकानाला लागू होता. त्याखालच्यांनी फक्त सूचना पाठवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस माणसांवर नेण्याच्या आणि रोजचे तास नवावरून दहा करण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. म्हणजे जगात कायदा पंधराच्या आतल्या दुकानात शिरतो आहे आणि आपल्याकडे तो वीसच्या वर सरकतो आहे. आमच्या बाजारातील शंभरातल्या नव्वद पेढ्यांना कामाच्या तासांबद्दल विचारणारा कोणी नाही. व्यापारी म्हणून आम्हाला याचा आनंद व्हायला हवा. झालाही असता, जर २०२२ सालच्या रमजानमधली ती गोष्ट घडली नसती.

आमचा धंदा ग्रे कापडाचा. मालेगावच्या मागांवरचा माल आम्ही रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाठवतो. ट्रान्सपोर्टची गाडी रात्री भरते. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर जायचा म्हणजे ई-वे बिल लागते, आणि त्या बिलाच्या ‘ब’ भागात गाडीचा नंबर टाकल्याशिवाय गाडी हलत नाही. गाडीचा नंबर कळतो रात्री दहा-अकराला. ही २०१८ पासूनची पद्धत. आमच्याकडे कॉम्प्युटरवर एक मुलगा होता, बी. कॉम. झालेला, हिशेबात पक्का, चार वर्षांत एका पैशाची चूक नाही. दुकान साडेआठला बंद झाले तरी त्याचे काम संपत नसे. गाडी आली की आम्ही त्याला फोन करायचो, तो घरून नंबर भरायचा. दोन मिनिटांचे काम, त्यात काय मोठेसे, असे आम्हाला वाटे.

त्या रात्री तरावीह आटोपून आम्ही घरी आलो तर ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. गाडी उभी आहे, नंबर भरलेला नाही. आम्ही मुलाला फोन लावला. नऊ वेळा लावला. उचलला नाही. गाडी आमचा माल टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला सगळ्यांसमोर बोललो. रोजेदार माणसाने जिभेला आवर घालायचा असतो, पण आम्ही बोललो. पगार घेताना रात्र आठवत नाही का, असे आम्ही म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला. सबब सांगितली नाही.

ईद झाली आणि तो आलाच नाही. चार दिवसांनी त्याचे वडील हिशेब करायला आले. मुलाने एका शाळेच्या कार्यालयात नोकरी धरली होती, आमच्यापेक्षा दोन हजार कमी पगारावर. आम्ही म्हणालो, पगाराचे काही होते तर आम्हाला सांगायचे, वाढवला असता. त्यावर ते म्हणाले, “सेठ, पगाराची तक्रार नाही. त्याच्या अम्मीला दिलाचा त्रास आहे. रात्री फोन वाजला की ती दचकून उठते, मग फजरपर्यंत झोपत नाही. त्या रात्री त्याने फोन बंद आवाजावर ठेवून पहिल्यांदा लवकर झोपून पाहिले होते.” चहा मागवला होता, तो त्यांनी घेतला नाही, जुने रोग्याचे घर, वेळ झाला आहे, म्हणाले.

ते गेल्यावर आम्ही आमच्या फोनमधल्या नोंदी काढल्या आणि मुनीमजींसमोर बसून मोजल्या. त्या एका महिन्यात रात्री नऊनंतर त्या मुलाला ४१ फोन. त्यांतले गाडीच्या नंबरचे आठ. बाकीचे ३३ कशाचे? अमक्या पार्टीचे चार ताके कमी निघाले त्याचे काय झाले. उद्या बँकेत जायचे आहे, आठवण ठेव. सुताचा भाव काय निघाला. हे सगळे सकाळी दहाला विचारता आले असते. खरे सांगायचे तर आम्हाला झोप येत नव्हती, म्हणून डोक्यातले ओझे आम्ही त्याच्या उशाशी नेऊन ठेवत होतो. तो ते रात्रभर सांभाळायचा आणि आम्ही शांत झोपायचो. त्याचे पैसे आम्ही कधी दिले नाहीत, कारण ते काम आहे असे आम्हाला वाटलेच नाही.

दार आणि इजाजत

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. मौलवीसाहेबांनी लहानपणी जी अदब शिकवली त्यात दुसऱ्याच्या घरात शिरण्याची अदब पहिली. सूरह नूरमध्ये सांगितले आहे की परक्या घरात परवानगी घेतल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर परत फिरावे. हदीसमध्ये तीनदा इजाजत मागण्याची मर्यादा आली आहे. तीनदा मागून मिळाली नाही तर माघारी जायचे. आम्ही नऊ वेळा फोन लावला होता.

त्याच सूरहमध्ये पुढे एकांताच्या तीन वेळा सांगितल्या आहेत : फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून आराम करतात तेव्हा, आणि इशाच्या नमाजनंतर. या तीन वेळी घरातील नोकरांनी व लहान मुलांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत येऊ नये. तेथे हुकूम नोकराला आहे, मालकाच्या एकांतासाठी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही आलिम नाही आणि फतवा देण्याचे आमचे काम नाही. पण नोकराला एकांत नसतो असे तर कोठे म्हटलेले नाही. उलट सूरह नबामध्ये रात्रीला लिबासाची उपमा दिली आहे आणि दिवस रोजीरोटीसाठी ठेवला आहे. आमचा जन्म कापडात गेला. लिबास कशासाठी असतो हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

जुन्या काळी एखाद्या सेठला रात्री अकराला नोकराकडे काम निघाले तर गल्लीत जावे लागे, कडी वाजवावी लागे, शेजारी खिडकीतून डोकावत. माणसाला लाज वाटे आणि तो म्हणे, जाऊ दे, सकाळी पाहू. मोबाइलने ती लाज काढून घेतली. पलंगावर पडल्या पडल्या आपण दुसऱ्याच्या घरात थेट त्याच्या बिछान्यापर्यंत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

हे लिहिल्यावर आमचे एक सायझिंगवाले दोस्त रागावतील. ते म्हणतात, धंदा घड्याळावर चालत नाही, रात्री दोनला बॉयलरला काही झाले तर मिस्त्रीला बोलवायचे की सकाळपर्यंत अजान ऐकत बसायचे? त्यांचे खरे आहे. पण कोणताही कायदा त्यांना अडवत नाही. ऑस्ट्रेलियात असे कारण वाजवीच ठरेल, पोर्तुगालनेही आपत्ती वगळली आहे. प्रश्न एवढाच की रात्रभर फोन उशाशी घेऊन झोपण्याबद्दल त्या मिस्त्रीला काही मिळते का. बोलावले नाही तरी तो बांधलेला असतोच. पाहुणेरावळे सोडून तो गावात थांबतो, लग्नाला बाहेरगावी जात नाही. त्याची वेगळी हाजिरी ठरवून द्यायला हवी, आणि ती आमच्या दोस्तांनी आजवर दिलेली नाही.

आपल्या कारीगर भावांची अडचण याहून वेगळी आहे. हे सारे कायदे नोकरीवरच्या माणसासाठी आहेत. जो मीटरवर माग चालवतो, घरी बसून जरीकाम करतो, रफू करतो, शिलाईचे जॉबवर्क घेतो, तो कोणाच्या हजेरीपटावर नाही, म्हणून त्याच्या रात्रीबद्दल कोणी विचार केलेला नाही. त्याला फोन करणारे दहा सेठ असतात. आमच्या मोहल्ल्यातील एक दर्जी रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यापासून फोन बायकोकडे देऊन मशीन चालवतो. ती प्रत्येकाला एकच उत्तर देते, कपडे चांदरातीला मिळतील. गिऱ्हाईक तुटले का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, फोन घेणे बंद केल्यापासून रोज एक कुर्ता जास्त शिवून होतो.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज केले. हेच लोखंडे १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर सलोख्यासाठी पुढे आले होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. सात दिवसांतला एक दिवस गिरणी बंद ठेवायची ही कल्पनाच त्या वेळच्या गिरणीमालकांना झेपत नव्हती. आज मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही.

आमच्या पेढीवर आता जे चालते ते असे. रात्री नऊनंतर कोणाला फोन नाही. पुढे-मागे कायदा झालाच तर काही बदलावे लागणार नाही. ई-वे बिलाचा तिढा तर इतका सोपा निघाला की स्वतःची शरम वाटली. ‘अ’ भागात ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकून ठेवला की गाडीचा नंबर तो स्वतः ‘ब’ भागात भरू शकतो. ही सोय आधीपासून होती. मुलाचा फोन हाताशी होता म्हणून आम्ही कधी शोधलीच नाही. बिछान्याजवळ आम्ही एक वही ठेवली आहे. रात्री जे आठवेल ते तिच्यात लिहायचे आणि सकाळी मुनीमजींच्या हवाली करायचे. गंमत अशी की लिहिलेल्यातले अर्धे सकाळी वाचताना फालतू वाटते. स्टॉक मिळवण्याचे दिवस आणि ईदच्या आधीचा आठवडा यांना सूट आहे, पण ती आधी सांगून आणि त्या रात्रींचे पैसे वेगळे मोजून.

नुकसान झाले नाही असे नाही. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा गाडी चुकली. तो जुना मुलगा परत आला नाही, आम्हीही बोलावले नाही. जुम्याला मशिदीत दिसतो, सलाम होतो. त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाला काम शिकवायला सहा महिने गेले.

आणि आम्हाला स्वतःला मात्र अजून कोणी सुटी दिलेली नाही. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला राजस्थानच्या पार्टीचा फोन आला. आम्ही नाव पाहिले आणि फोन उलटा करून ठेवला. सकाळी दहाला लावला तेव्हा सौदा दुसऱ्या पेढीशी झाला होता, मीटरमागे दहा पैसे जास्त भावाने. मुनीमजींनी काही न बोलता वहीत तारीख लिहून ठेवली.